पावतीपुस्तक

संघटनेत आले ती अक्षरामुळं.
मकानदार सर म्हणाले, टीचर, तुमचं अक्षर मोत्यासारखं,
पावतीपुस्तक तुमच्याकडंच असू दे.
मी म्हटलं, बघू.
बघू म्हणजे नाही, हे अख्ख्या खानापुरात कळतं.
त्यांना कळलं नाही,
किंवा कळूनच त्यांनी पुस्तक माझ्या पिशवीत सरकवलं,
डबा आणि चौथीच्या वह्या यांच्या मधे.

सोळा वर्षं मी सभेच्या दिवशी आजारी पडत आले.
कधी दाढ. कधी सासूबाईंचा गुडघा.
मोर्चे लहानपणीच बघून झालेले, दोन्हीकडचे.
कुणी पाटीला काळं फासायचं, कुणी ते खरवडायचं,
आम्हाला सुट्टी मिळायची, आवडायची.
घोषणा म्हटलं की अजून
खाली ओढलेल्या शटरचाच आवाज येतो मला.

मग नागपंचमीच्या आदल्या दिवशी
बसलिंगव्वाच्या पायावर सांबार सांडलं.
नव्वद पोरांचं सांबार.
पोरं ताटं घेऊन रांगेत तशीच,
मी तिचा पाय नळाखाली धरलेला,
आणि ती मलाच सांगत होती,
बाई, भात झाका, माशी बसंल.

अर्ज मी मराठीत लिहिला,
हेडसरांनी कन्नडात उतरवला,
ऑफिसात खिडकीतून परत आला:
ही नोकर नव्हे, मानधनावर आहे.
त्यांचा शब्द गौरवधन, आमचा मानधन.
दोन्ही भाषांत रक्कम तेवढीच.

तर रविवारी उर्दू शाळेत सभा.
पहिलीचे बाक, गुडघे हनुवटीला.
हुद्दार सर कन्नडात बोलत होते,
पुढून हौद्री, मागून व्हय, मधेच कुणी
मराठीत सांगा की हो, म्हणून रुसलेलं.
प्रश्न असा की स्वयंपाकिणी आपल्यात घ्यायच्या का.
त्यांची वेगळी आहे म्हणे. आपली शिक्षकांची.
आपली पेन्शन, आपल्या बदल्या, आपलं आधीच काय कमी आहे?
दीड तास. भडंग संपलं.
शिपाई गुंडू मादार दाराशी उभा होता,
तो आपल्यात आहे की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी बोट वर केलं.
सोळा वर्षं दुसऱ्यांचीच बोटं मोजलेली.
म्हटलं, भात झाकायला तिला कुणी सांगितलं होतं?
पुढचं सुचेना. बसले.
बाक करकरला, तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

ठराव पुढच्या सभेवर गेला.
मी संध्याकाळी तिच्या घरी गेले.

पाय खाटेवर, हळद लावलेला.
वर्गणी पन्नास, म्हटलं.
तिनं तीस दिले, वीस गौरवधन आल्यावर.
मी पन्नासाची पावती फाडायला घेतली,
नाव लिहिलं, झोकदार, माझ्या अक्षरात.
ती म्हणाली, मला दोन्ही वाचायला येत न्हाई,
खरं कन्नडात असलं तर लेक वाचंल.

मग दुसरी पावती.
परीक्षेपुरतं शिकलेलं माझं कन्नड,
अक्षरं अशी की जणू चालायला शिकतायत.
लेक रस्त्यापलीकडच्या शाळेत, तिसरीत.
खांद्यावरून वाकून बघत होती.
टीचर, म्हणाली, खालचा व राहिला.
माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि आईच्या नावाखाली तो ठेवला,
जीभ बाहेर काढून, दाबून.

कार्बनखाली चूकही उमटली, दुरुस्तीही.

आता पुढच्या रविवारी हुद्दार सर विचारतील,
ठराव नसताना ही कुणी फाडली?
वीस रुपये कमी का?
अक्षर कुणाचं हे?

दाढ आहे जागेवर.
दुखत नाहीये.